बोस यांचा कोहिरर प्रदर्शनात चालवून दाखवायचा आहे, आणि फलकावर नेमकं काय लिहावं?

पाटीपेन्सिल (प्रश्न)

तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या गटाने 'जगदीशचंद्र बोस आणि बिनतारी संदेश' हा विषय घेतला आहे. टेबल चार फुटांचं, विजेचा प्लग मिळेलच याची खात्री नाही, खर्च पाचशेच्या आत बसवायचा आहे. तीन गोष्टी अडल्या आहेत.

१. फलकावर मुलांनी "रेडिओचा खरा शोध बोस यांनी लावला आणि मार्कोनीने तो चोरला" असं लिहून आणलं आहे. परीक्षकाने खोदून विचारलं तर हे टिकेल का?

२. बोस यांचा पाऱ्याचा कोहिरर (रेडिओलहर पडली की वीज वाहू देणारा, म्हणजे लहर ओळखणारा डिटेक्टर) शाळेत करता येईल का?

३. लोखंडाच्या किसाचा साधा कोहिरर केला. काचेच्या नळीत दोन खिळे, मध्ये कीस, ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि १ के (१,००० ओहम) रेझिस्टर, सगळं एका रांगेत. गॅस लायटर उडवण्याआधीच, बॅटरी जोडली की एलईडी पेटतो. नळीला टिचकी मारली तर क्षणभर विझतो आणि पुन्हा पेटतो. कुठे चुकतंय?

रोहित्र

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण चूक एकच आहे आणि ती ९ व्होल्टची आहे.

किसाच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो थर शाबूत असेपर्यंत नळीचा रोध लाखभर ओहमच्या पुढे राहतो. कणांमधल्या फटीवर पुरेसा दाब, म्हणजे व्होल्टेज, आलं की थर फुटतो, कण सूक्ष्म ठिकाणी एकमेकांना चिकटतात आणि रोध काहीशे ओहमवर येतो. लायटरच्या ठिणगीतून निघणाऱ्या रेडिओलहरीने हे काम करणं अपेक्षित आहे, आणि टिचकीने कण पुन्हा सुटे होणं. तुमच्या जोडणीत एलईडीने दोनेक व्होल्ट घेतले तरी उरलेले सात व्होल्ट थेट किसावर पडतात, त्यामुळे थर बॅटरीच फोडते. लहर येईपर्यंत काही उरतच नाही. मार्कोनीही कोहिररच्या मंडलात एकच सेल ठेवत असे आणि प्रवाह मिलिअँपिअरच्या आसपास रोखत असे.

म्हणून कोहिररचं मंडल वेगळं आणि एलईडीचं वेगळं करा.

कोहिररच्या बाजूला १.५ व्होल्टचा एकच पेन्सिल सेल. सेलचं धन टोक कोहिररला, कोहिररचं दुसरं टोक ४.७ के रेझिस्टरमधून बीसी५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये २२ के. एमिटर सेलच्या ऋण टोकाला. एलईडीसाठी ६ व्होल्ट (चार सेलचा डबा), धन टोकापासून ४७० ओहम, मग एलईडी, मग कलेक्टर. दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोकं एकत्र जोडायची, हे बहुतेक जण विसरतात.

२२ के कशासाठी? कोहिरर बंद असतानाही थोडा झिरपतोच आणि ट्रान्झिस्टर तेवढ्यावरही एलईडी मिणमिणता ठेवतो. २२ के ती गळती पिऊन टाकतो. या आकड्यांवर कोहिररचा रोध साधारण २० के ओहमच्या खाली आला की मगच एलईडी नीट पेटेल, आणि कोहिररमधून पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जाईल.

आता नळी. आतला व्यास ४ ते ५ मिमी. खिळे नकोत, टोकं सपाट हवीत. पितळी स्क्रू कापून, टोक कानशीने सपाट करून, पॉलिश पेपरने घासून घ्या. स्क्रू नळीत सैल असेल तर कीस बाजूने निसटतो, म्हणून त्यावर टेपचा एखादा वेढा द्या. दोन टोकांमधलं अंतर १ ते २ मिमी. त्या जागेचा अर्धाच भाग किसाने भरायचा. ठासून भरला की नळी कायमची चालू राहते, टिचकीने कण हलतच नाहीत.

कीस मध्यम कानशीचा घ्या. पीठ झालेला कीस लवकर गंजतो आणि दाटतो. कानशीला तेल लागलेलं असेल तर कीस स्पिरिटमध्ये धुऊन वाळवा. निकेलचा कीस लोखंडापेक्षा चांगला (मार्कोनीच्या नळीत बहुतांश निकेल आणि थोडी चांदी असे), पण निकेलसाठी नाणी घासत बसू नका. आणि कीस गोळा करायला चुंबक वापरू नका. चुंबकाळलेले कण आपोआप साखळ्या धरतात, मग टिचकीला दाद देत नाहीत.

कोहिररच्या दोन्ही टोकांना ४० सेंमीची एकेक तार, एका सरळ रेषेत. लायटरलाही तसंच, एक तार त्याच्या धातूच्या नळीवर आणि दुसरी मधल्या पिनवर. एका खोलीत मीटर-दीड मीटरवर चालायला हरकत नाही.

आवाज हवा असेल तर पिझो बझर लावा. चुंबकी घंटा लावू नका. घंटेच्या संपर्कावर उडणारी ठिणगी हीच एक लहर असते, ती शेजारच्या कोहिररला परत चालू करते आणि घंटा थांबता थांबत नाही. मार्कोनीला रिले आणि घंटेवर रोध आडवे जोडावे लागले ते याचसाठी.

गॅलेना

फलकाचं वाक्य काढा. दोन्ही अर्धी चुकीची आहेत, आणि बोस यांचं खरं काम त्यामुळे झाकलं जातं.

आधी काळ बघा. इटलीतल्या कालझेकी-ओनेस्ती यांनी धातूच्या किसाचा हा गुण १८८४-८५ मध्ये नोंदवला. फ्रान्समधल्या ब्रानली यांनी १८९० मध्ये तो ठिणगीच्या लहरीशी जोडला. इंग्लंडमधल्या लॉज यांनी १८९४ मध्ये लंडन आणि ऑक्सफर्डला प्रयोग दाखवले, 'कोहिरर' हे नावही त्यांचंच. रशियातल्या पोपोव यांचं प्रात्यक्षिक मे १८९५ मधलं. मार्कोनीचा ब्रिटिश पेटंट अर्ज २ जून १८९६ चा. बोस यांचा पहिला शोधनिबंध मे १८९५ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला, त्याच वर्षी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमधला तो प्रसिद्ध प्रयोग झाला. लहर भिंतींतून गेली, सुमारे ७५ फुटांवर घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली. म्हणजे एकाच दशकात पाच-सहा जण एकाच विहिरीवर पाणी भरत होते. त्यात "पहिला" एकच निवडायला गेलात की परीक्षक तुम्हाला तारखांमध्ये अडकवणार.

बोस वेगळे ठरतात ते तरंगलांबीमुळे. रेडिओलहरी पहिल्यांदा निर्माण करून दाखवणाऱ्या हर्ट्झ यांच्या लहरी मीटरच्या हिशेबात होत्या. त्यांचे प्रकाशासारखे गुण दाखवायचे तर लोलक आणि आरसे खोलीएवढे लागतात. बोस यांनी ठिणगीचे गोळे अगदी लहान केले आणि २५ मिमीपासून ५ मिमीपर्यंतच्या लहरी काढल्या, आजच्या भाषेत १२ ते ६० गिगाहर्ट्झ. त्यामुळे सगळं उपकरण टेबलावर आलं. लहर पोकळ नळीतून नेणं, नळीच्या तोंडाला कर्णा लावणं, गंधकाच्या लोलकातून अपवर्तन, तारांच्या जाळीतून ध्रुवण (लहरीचं कंपन एकाच दिशेत राखणं), दोन लोलकांमधली फट कमी-जास्त करून लहरीची ताकद आवरणं, हे सगळं त्यांनी १८९७ अखेरपर्यंत केलं. २९ जानेवारी १८९७ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यातलं बरंच दाखवलंही. मायक्रोवेव्हच्या प्रयोगशाळेत आज जी हत्यारं दिसतात त्यांतली बरीच त्या टेबलावर होती.

दुसरी बाजू डिटेक्टरची. इतक्या आखूड लहरींना किसाची नळी लहरी वागणूक देते (शब्दाचा खेळ आपोआप झाला). म्हणून त्यांनी किसाऐवजी पोलादी स्प्रिंगांची रांग घेतली आणि तिच्यावरचा दाब स्क्रूने नेमका केला. पुढे १८९९ मध्ये आपोआप पूर्ववत होणाऱ्या कोहिररवर रॉयल सोसायटीत निबंध आला, त्यात लोखंड आणि पारा यांचा स्पर्श आणि ऐकायला टेलिफोन होता. शेवटी गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या एका खनिजाचा, स्फटिक. अमेरिकन पेटंट ७५५८४०, अर्ज ३० सप्टेंबर १९०१, मंजुरी २९ मार्च १९०४. अर्धवाहकाच्या डिटेक्टरवरचं हे पेटंट अमेरिकन संशोधक पिकार्ड यांच्या १९०६ च्या सिलिकॉन पेटंटाच्या आधीचं आहे.

आणि हे पेटंटही बोस यांनी स्वतःहून धावपळ करून घेतलेलं नाही. त्यांच्या अमेरिकन स्नेही सारा बुल आणि भगिनी निवेदिता मागे लागल्या म्हणून ते झालं. मे १९०१ मध्ये रवींद्रनाथांना लिहिलेल्या पत्रात एका तार कंपनीच्या मालकाने पेटंटासाठी कशी गळ घातली, याचा उल्लेख आहे. बोस यांचा कल नकाराचाच होता. ज्याला संदेशाचा धंदा उभारायचाच नव्हता त्याच्यावर "धंदा हुकला" अशी हळहळ लादण्यात काय अर्थ?

फलकासाठी: "बोस यांनी १८९५ पासून मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी निर्माण केल्या, मोजल्या आणि त्यांच्यासाठी नवे डिटेक्टर घडवले." यातला प्रत्येक शब्द टिकतो.

खाडाखोड

"चोरला" हा शब्द काढा, हे मान्य. पण मार्कोनीचा विषय एवढ्यावर सोडू नका, परीक्षक नेमका तोच विचारणार.

१२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या सिग्नल हिलवर, पतंगाला बांधलेल्या एरियलवर, इंग्लंडच्या पोल्धूहून येणारा 'एस' ऐकल्याचं मार्कोनीने जाहीर केलं. तेव्हा कानाला टेलिफोन होता आणि डिटेक्टर होता पाऱ्याचा. तो त्याला इटालियन नौदलातले लुईजी सोलारी यांनी दिला होता. त्याचं श्रेय कुणाचं यावर इटलीतच त्या वेळी भांडण झालं, सोलारी की कास्तेल्ली नावाचा नौदलातला सिग्नलमन. १९९८ मध्ये संशोधक प्रोबीर बंद्योपाध्याय यांनी सविस्तर मांडलं की ही रचना बोस यांच्या १८९९ च्या निबंधातली आहे. निबंध आधी छापलेला होता, रचना तीच, ही बाजू मजबूत आहे. सोलारींनी तो निबंध समोर ठेवूनच काम केलं असं म्हणायला मात्र वेगळा पुरावा लागतो. म्हणून "मार्कोनीच्या अटलांटिकपार प्रयोगातला डिटेक्टर बोस यांनी दोन वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेल्या जातीचा होता" एवढं लिहा.

दुसरा सापळा: "१९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनीचं पेटंट रद्द केलं." हे वाक्य इंटरनेटवर कधी टेस्लाच्या तर कधी बोस यांच्या नावाला चिकटवलेलं सापडतं. तो निकाल मार्कोनीच्या जुळणीच्या, म्हणजे ट्यूनिंगच्या पेटंटातल्या दाव्यांबद्दल होता. लॉज, टेस्ला आणि जॉन स्टोन यांचं काम आधीचं म्हणून ते दावे पडले. रेडिओ कुणी शोधला हे न्यायालयाने ठरवलेलं नाही आणि बोस त्या खटल्यात कुठेच नाहीत. मुलांच्या फलकावर हे असेल तर आजच पुसा.

पाऱ्याबद्दल: नको. शाळेत तर मुळीच नको. त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, सांडला तर फरशीच्या फटीत जाऊन महिनोन्महिने उडत राहतो, आणि सोन्याची अंगठी बोटात असेल तर तिचीही वाट लागते. शिवाय पाऱ्याचा कोहिरर क्षणात पूर्ववत होतो, एलईडी पेटता राहणार नाही, टेलिफोनमध्ये फक्त 'टक्' ऐकू येईल. प्रदर्शनाच्या गोंगाटात ते कुणाला ऐकू येणार?

पाटीपेन्सिल

सर्वांचे आभार. रोहित्र यांच्या जोडणीने काम झालं, पण अर्धंच. एलईडी आता लायटरवरच पेटतो, साधारण सव्वा मीटरवरून. मात्र दहा-बारा वेळा चालल्यावर नळी मंदावते, नंतर अगदी जवळ लायटर नेला तरच दाद देते. शिवाय वर्गातली ट्यूबलाइट लावली की एलईडी आपोआप पेटतो. आणि आता वाटतंय, फलकावर बोस आणि टेबलावर ब्रानलीची किसाची नळी, हे जरा विसंगत नाही का?

रोहित्र

ट्यूबलाइटचं आधी: तो दोष नाही. चोकची ट्यूब लागताना स्टार्टर ठिणग्या उडवतो, त्या लहरी तुमच्या तारांना मिळतात. उलट ते मुद्दाम दाखवा, "हाही एक प्रेषकच" म्हणून. एलईडी ट्यूब असेल तर फारसं काही होणार नाही.

मंदावण्याची कारणं बहुधा दोन. टिचकीने कीस हळूहळू एका बाजूला सरकतो आणि टोकांच्या मध्ये कमी उरतो. नळी आडवी आणि समतल ठेवा, टिचकी नेहमी खालून, पेन्सिलीच्या मागच्या रबराने, हलकेच. दुसरं म्हणजे दमट हवेत लोखंडावर खरोखरचा गंज चढतो. ऑक्साइडचा पातळ थर हवा, गंजाचा पोपडा नको. नळीची दोन्ही तोंडं मेणाने बंद करा आणि प्रदर्शनाच्या दिवशी ताजा कीस भरलेल्या दोन जादा नळ्या बरोबर ठेवा.

विसंगतीचा मुद्दा अगदी बरोबर. त्यावर उपाय स्वस्त आहे: बॉलपेनच्या स्प्रिंगा.

सहा ते आठ स्प्रिंगा घ्या, प्रत्येकी १ सेंमीचा तुकडा कापा. जुन्या बेकेलाइटच्या स्विचबोर्डच्या तुकड्यात किंवा अॅक्रिलिकमध्ये १ सेंमी रुंदीची खाच करा. स्प्रिंगा खाचेत शेजारी शेजारी, एकमेकींना टेकून, एकाच थरात. रांगेच्या एका टोकाला घट्ट बसवलेली पितळी पट्टी, दुसऱ्या टोकाला सरकती पट्टी, तिला मागून ३ मिमीचा स्क्रू ढकलतो. प्रवाह एका पट्टीपासून दुसरीकडे, स्प्रिंगेतून स्प्रिंगेत असा जातो, म्हणजे प्रत्येक जोडीत संपर्काची एक ओळ मिळते. या दोन पट्ट्या म्हणजे तुमच्या नळीचे दोन स्क्रू, बाकी जोडणी तीच.

सारं कसब स्क्रूमध्ये आहे. एलईडी विझेपर्यंत स्क्रू मागे घ्या. मग अष्टमांश फेरीच्या हिशेबाने पुढे. ज्या जागी एलईडी पेटतो तिथून किंचित मागे घ्या, खाचेला टिचकी मारा, विझला की ती जागा. लायटर उडवून बघा. दाब जास्त तर कायम पेटलेला, कमी तर मुका. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर जुळवणी करू नका. काही मीटर त्या रेंजवर स्वतःच दोन-तीन व्होल्ट देतात, मीटर लावताच स्प्रिंगा चिकटतात आणि तुम्ही खोटा आकडा वाचता. हाताचा तेलकटपणाही इथे फार नडतो. स्प्रिंगा स्पिरिटमध्ये बुडवून चिमट्यानेच उचला.

बोस यांचं आणखी एक निरीक्षण मुलांना सांगता येईल: सगळे धातू सारखे वागत नाहीत. पोटॅशिअमचा रोध लहर पडल्यावर कमी न होता वाढतो. "कण वितळून चिकटतात" या लॉज यांच्या स्पष्टीकरणाने हे बसत नाही, म्हणून बोस पदार्थाच्या रेणूंवर येणाऱ्या ताणाच्या अंगाने विचार करत होते. पोटॅशिअम टेबलावर आणायचं मात्र नाही!

ठिणगी वाढवायला कुणी मोटरसायकलची इग्निशन कॉइल आणि गच्चीवरची लांब तार सुचवेल. करू नका. झटका जोराचा बसतो, आणि ठिणगीची लहर एका फ्रिक्वेन्सीवर न थांबता आसपासचे सगळे रेडिओ खराब करते. परवान्याशिवाय असं प्रक्षेपण बेकायदेशीरही आहे. लायटर पुरे.

गॅलेना

एक भर. ४० सेंमीच्या दोन भुजा म्हणजे तुमची लहर साधारण १.६ मीटर लांबीची, १८०-१९० मेगाहर्ट्झच्या आसपास. बोस यांच्या ५ मिमीच्या तुलनेत तीनशे पटींहून लांब. फलकावर ही दोन मापं खऱ्या आकारात काढा: एक दोरी १.६ मीटरची आणि शेजारी तांदळाच्या दाण्याएवढी रेघ. बोस यांनी काय साधलं ते एका नजरेत कळतं.

ध्रुवणही याच सामानात दाखवता येतं. लायटरच्या आणि कोहिररच्या तारा समांतर ठेवा, अंतर वाढवत जेमतेम एलईडी पेटतो तिथे थांबा. आता लायटर ९० अंशांत फिरवा, पेटणार नाही. फार जवळ असाल तर फरक पडत नाही, म्हणून अंतराच्या मर्यादेवरच करायचं. लायटर धरणाऱ्याने तारांना हात लावला तरी निकाल बिघडतो.

खाडाखोड

जवळपास अभियांत्रिकी महाविद्यालय असेल तर त्यांच्याकडे एक्स-बँडचा (सुमारे ३ सेंमी लहरीचा) मायक्रोवेव्ह बेंच बहुधा असतो: लहर निर्माण करणारा गन ऑसिलेटर, दोन कर्णे, डिटेक्टर. अर्धा दिवस मागून बघा. त्यावर बोस यांचे दोन प्रयोग जसेच्या तसे होतात आणि त्यांचे फोटो-आकडे फलकावर लावता येतील.

पहिला, पुस्तकाचा. बोस यांनी ब्रॅडशॉच्या रेल्वे वेळापत्रकाच्या पानांमध्ये टिनचे पत्रे घालून ध्रुवक केला होता. तुम्ही शंभर पानी वही घ्या, प्रत्येक पानाआड स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, शेजारच्या फॉइल एकमेकींना टेकू न देता. वही दोन कर्ण्यांच्या मध्ये अशी धरा की लहर पानांच्या कडेने आत शिरेल. लहरीचं विद्युतक्षेत्र पानांना समांतर असेल तर वाट बंद, कारण दोन पत्र्यांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीहून (इथे १५ मिमी) कितीतरी कमी आहे. वही ९० अंशांत वळवली की लहर पार. वही दमट असेल तर दोन्हीकडे गळती दिसते, आधी उन्हात ठेवा.

दुसरा, जोडलोलकाचा. पॅराफिन मेण वितळवून पुठ्ठ्याच्या साच्यात दोन ४५ अंशांचे लोलक ओता, बाजू कर्ण्याच्या तोंडापेक्षा मोठी. मेण थेट आचेवर नको, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा. आणि सावकाश निवू द्या, घाई केली तर मध्ये पोकळी राहते आणि आकडे वेडेवाकडे येतात. मेणाचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, म्हणून ४५ अंशांवर पूर्ण परावर्तन होतं. दोन्ही लोलक चिकटवून ठेवले तर लहर सरळ पार जाते. फट वाढवत नेली की ३ सेंमीच्या लहरीसाठी दर ७ मिमीला पार जाणारी शक्ती ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्यावर येते. ३ सेंमी फटीला एक-दोन टक्केच उरते, बाकी ९० अंशांत वळून बाजूला सापडते. डिटेक्टर तिकडे नेऊन दाखवायला विसरू नका, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं मेणाने लहर शोषून घेतली.

पुणे जिल्ह्यातला तालुका असेल तर एक स्थानिक धागाही आहे. मार्कोनी कंपनी नंतर लांब लहरी सोडून आखूड लहरींच्या झोताकडे वळली आणि १९२७ मध्ये भारत-इंग्लंड बीम सेवा सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपण खडकीला होतं आणि ग्रहण दौंडला. मात्र त्या लहरीही पंधरा ते पस्तीस मीटरच्या घरातल्या, बोस यांच्या मिलिमीटरांशी त्यांची गल्लत फलकावर होऊ देऊ नका.

पाटीपेन्सिल

दौंड शेजारचाच तालुका! स्प्रिंगांची खाच आज कापून झाली, आठ स्प्रिंगांत दाब जुळत नव्हता, सहावर आणल्यावर ९० सेंमीवरून पेटला. फलक नव्याने लिहायला घेतला आहे, "चोरला" गेलं. वहीसाठी फॉइल कापताना एक शंका: फॉइल पानाच्या कडेपर्यंत न्यायची की आत ठेवायची?

खाडाखोड

कडेपासून २-३ मिमी आत. कडेला आणली तर वही दाबताना शेजारच्या फॉइल एकमेकींना टेकतात, मग सगळी वही एकच पत्रा होते आणि दोन्ही दिशांना लहर अडते.